प्रतिस्पर्धी नटी आणि एकेरी संबोधन

जपानात स्वतः रचून स्वतःच छापलेल्या पुस्तिकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ पुस्तिका म्हणजे लोकप्रिय चित्रकथांतील पात्रे घेऊन वाचकांनीच रचलेल्या नव्या चित्रकथा होत. त्यांच्या विक्रीचा ‘कॉमिक मार्केट’ हा मेळावा १९७५ साली तोक्यो येथे सुरू झाला.

अशा रचनेत पात्रपरिचयाची गरज नसते. मग स्वभावविकास दाखवावा कसा? मिउची सुझुए यांची १९७६ पासूनची ‘काचेचा मुखवटा’ ही मूळ चित्रकथा उदाहरणादाखल घेऊ. दारिद्र्यात वाढलेली माया आणि नामवंत कलावंतांची कन्या आयुमी या दोघी एकाच भूमिकेच्या अभिलाषी आहेत. एका नाटकात लाडकी राजकन्या मायेकडे, तर उपेक्षित राजकन्या आयुमीकडे येते. तयारीसाठी दोघी एकमेकींच्या घरी राहतात. येथे स्पर्धा हाच परस्परांच्या अभ्यासाचा मार्ग ठरतो.

इतका विस्तार छोट्या पुस्तिकेत शक्य नसतो. तेथे संबोधन उपयोगी पडते. जपानीत नावापुढे ‘सान’ हा आदरवाचक प्रत्यय लावण्याचा प्रघात आहे. तो गाळल्यास जवळीक तरी सूचित होते किंवा अवज्ञा तरी. मराठीतील एकेरी हाकही अशीच द्व्यर्थी आहे. प्रारंभी तुच्छतेने उच्चारलेले नुसते नाव अखेरीस तसेच उच्चारले जावे, आणि वाचकास मात्र त्यात स्नेह ऐकू यावा. शब्द तोच राहतो. बदलते ते नाते. स्वभावविकास म्हणतात तो हाच.