कुत्रें विष्ठा कां खातें?

ज्यांच्या घरीं कुत्रें आहे, त्यांस एक गोष्ट अनेकदां खजील करते. दोन्ही वेळां दूधभाकर मिळणारें, लाडांत वाढलेलें कुत्रें संधि मिळतांच परसांत जातें आणि स्वतःची किंवा दुसऱ्या जनावराची विष्ठा खातें. मग वडील मंडळी काठी उगारतात, मुलें नाकें मुरडतात, आणि कधीं कधीं त्या मुक्या प्राण्यास घराबाहेर घालविण्यापर्यंत मजल जाते. विषय किळसवाणा खरा. परंतु ज्या गोष्टीचें कारण कळलें नाहीं, तिच्यावरील उपायही बहुधा चुकतो. म्हणून तिचा शांतपणें विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, किळस ही आपली भावना आहे, कुत्र्याची नव्हे. शेणांत, लिदींत व मांजराच्या विष्ठेंत न पचलेल्या अन्नाचे अंश राहतात, आणि कुत्र्याच्या नाकास तो वास खाद्याचाच वाटतो. शिवाय ही रीत एकट्या कुत्र्याची नाहीं. ससा आपल्या मऊ लेंड्या रोज खातो. पहिल्या खेपेस हातचें निसटलेलें पोषण त्यास दुसऱ्या खेपेस मिळतें. व्यालेली कुत्री पिलांचें मलमूत्र चाटून टाकते. तिनें चाटल्यावांचून अगदीं लहान पिलांस मलविसर्जनही करतां येत नाहीं. तिच्या ठायीं तर ही स्वच्छताच होय.

मग मोठें कुत्रें कुत्र्याचीच विष्ठा कां खातें? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट व त्यांचे सहकारी यांनीं हजारों कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती मिळवून ती २०१८ सालीं प्रसिद्ध केली. शेंकडा १६ कुत्रीं वारंवार असें करतांना आढळलीं. त्यांतील बहुतेक दोन दिवसांच्या आंतलीच विष्ठा खात. वय, आहार किंवा घरांतील वळण यांचा या संवयीशीं संबंध दिसला नाहीं. मात्र अधाशीपणें खाणाऱ्या कुत्र्यांत ती अधिक आढळली. या विद्वानांचें अनुमान असें कीं, हा लांडग्यांकडून आलेला वारसा असावा. विष्ठेंतील जंतांचीं अंडीं पहिले कांहीं दिवस बाधक नसतात. तेवढ्यांत ती खाऊन टाकल्यास गुहेजवळची जागा निर्धोक राहते.

कधीं मात्र कारण रोगाचें असतें. भरपूर खाऊनही कुत्रें रोडावत असेल, सारखें वखवखलेलें असेल, किंवा ही खोड एकाएकीं लागली असेल, तर जंत अथवा पचनग्रंथीचा विकार असूं शकतो. अशा वेळीं काठीचें काम नाहीं, पशुवैद्याचें आहे.

आतां उपाय. मारणें किंवा विष्ठेंत नाक घासणें हें क्रूर तर आहेच, पण निरुपयोगीही आहे. त्यायोगें कुत्रें एवढेंच शिकतें कीं, धनी येण्यापूर्वीं घाईनें गिळून टाकावें. अन्नांत मिसळण्याच्या भुकट्या व गोळ्या बाजारांत मिळतात. वरील पाहणींत त्यांचें यश शेंकडा दोनांहून अधिक नव्हतें. शिकवणुकीनेंही खोड समूळ गेल्याचीं उदाहरणें थोडींच. कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें, ही म्हण येथें बरीचशी खरी ठरते. परंतु शेपूट सरळ झालें नाहीं, तरी संधि काढून घेतां येते. कुत्र्यास दोरीला धरून फिरवावें. त्याचें विसर्जन होतांच त्यास हांक मारून जवळ घ्यावें, आवडीचा घांस द्यावा, आणि विष्ठा लागलीच उचलून टाकावी. मांजराची राखेची पेटी त्याच्या तोंडास लागणार नाहीं अशी ठेवावी.

यांत आपलेंही हित आहे. कुत्र्याच्या पोटांतील गोल जंतांचीं अंडीं मातींत कांहीं आठवडे पडून राहिलीं म्हणजे माणसास बाधक होतात. तीं खेळणाऱ्या मुलांच्या हातांवरून पोटांत गेलीं, तर त्यांतील अळ्या क्वचित् डोळ्यांपर्यंत पोहोंचून दृष्टीस अपाय करतात. रोजच्या रोज विष्ठा उचलली, तर अंड्यांस पिकण्यास अवसरच मिळत नाहीं. यासाठीं पिलांस वेळेवर जंतांचें औषध द्यावें, लसी टोचून घ्याव्या, कुत्र्यास तोंड चाटूं देऊं नये, आणि मातींत खेळल्यावर व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे.

विद्यार्थ्यांनो, कुत्र्यास लाज शिकवितां येणार नाहीं. पण अंगण स्वच्छ ठेवणें आपल्या हातीं आहे. आपल्या घरीं कुत्रें असेल, तर हें काम आईवर किंवा गड्यावर न टाकतां तुम्हीं स्वतः पत्करा. ज्यानें प्राणी पाळला, त्यानें त्याची घाणही काढावी, हाच न्याय होय.