विश्लेषण : स्क्रूचे डोके का ‘मरते’? यंत्रकामासाठी पेचकस कसा निवडावा?

रोवणीच्या दिवसांत मोटारपंप, फवारणी पंप, पॉवर टिलर आणि दुचाकी यांपैकी एखादे यंत्र बंद पडले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पहिली दुरुस्ती घरीच करून पाहिली जाते. भामरागड जिल्हा मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की तेथील संपर्क तुटल्याचे प्रसंगही अनेक पावसाळ्यांत आले आहेत. अशा ठिकाणी एका स्क्रूची खाच खराब झाली तरी पाच मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते. बहुतेकदा दोष हाताच्या जोराचा नसतो, खाचेत नीट न बसणाऱ्या पेचकसाचा असतो.

स्क्रूचे डोके खराब कसे होते?

फुलीच्या खाचेचा स्क्रू सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि लवकरच तो मोटार कारखान्यांत रुळला. पेचकसाचे टोक आपोआप मध्यभागी बसत असल्याने जोडणीचे काम झपाट्याने होऊ लागले. मात्र या खाचेच्या भिंती तिरक्या असतात. त्यामुळे जोर वाढला की टोक वर सरकून बाहेर येते. यालाच ‘कॅम-आउट’ म्हणतात. टोक प्रत्येक वेळी निसटताना खाचेच्या कडा थोड्या खरवडते. असे चार-पाच वेळा झाले की खाच गोल होते आणि स्क्रू जागीच अडकतो.

दुचाकीच्या स्क्रूंचा प्रश्न वेगळा का?

आपल्याकडील अनेक दुचाकींचे आराखडे मूळ जपानी आहेत. त्यांच्या कार्ब्युरेटरवर आणि डिस्क ब्रेकच्या ऑइल टाकीच्या झाकणावर अनेकदा ‘जेआयएस’ या जपानी मानकाचे स्क्रू असतात. ते फिलिप्ससारखेच दिसतात, पण त्यांच्या खाचेची घडण थोडी वेगळी असते. फिलिप्सचे टोक तळापर्यंत पोहोचत नाही आणि निसटते. अशा अनेक स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या शेजारी एक छोटा ठिपका असतो, ती ओळखण्याची खूण. जेआयएस टोकाचा पेचकस फिलिप्स स्क्रूवरही बहुधा चालतो. उलट प्रयोग मात्र स्क्रूला महागात पडतो.

फुलीच्या चार हातांमध्ये आणखी चार बारीक रेषा दिसल्या तर तो ‘पोझिड्राइव्ह’ स्क्रू समजावा. त्याला ‘पीझेड’ खुणेचा पेचकस लागतो.

माप कसे ठरवावे?

पेचकसाच्या दांड्यावर किंवा मुठीवर ‘पीएच’ आणि पुढे आकडा असतो. मशीन स्क्रूसाठी साधारण हिशेब असा :

• अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा स्क्रू : पीएच १
• चार ते पाच मिलिमीटर : पीएच २
• सहा मिलिमीटर : पीएच ३

सर्वाधिक काम पीएच २ करतो. पीएच ३ बहुतेक घरांत नसतो, म्हणून मोठ्या स्क्रूवरही पीएच २ चालवला जातो आणि खाच मरते. चपट्या पेचकसाचे टोक खाचेच्या लांबीइतके रुंद हवे आणि जाडीनेही खाच भरून निघायला हवी. टोक खाचेत डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर ते लहान आहे.

दुकानात काय तपासावे?

ज्या यंत्रासाठी पेचकस घ्यायचा त्याचा एक जुना स्क्रू खिशात न्यावा. टोकावर बसवून आडवा धरावा. चुंबकाच्या मदतीशिवाय तो टिकून राहिला तर बसणी चांगली आहे. चुंबकी टोक असेल तर या परीक्षेवर विसंबू नये, हाताने हलवून पाहावे.

दांडा क्रोम व्हॅनेडियमसारख्या मिश्र पोलादाचा असावा. टोकाच्या कडा स्वच्छ, धारदार दिसाव्यात. जाड चमकदार मुलाम्याने त्या बोथट झाल्या असतील तर पेचकस नाकारावा. मूठ जाड असली की कमी श्रमात जास्त पीळ मिळतो. मुठीखाली दांड्याला षटकोनी भाग असेल तर पाना लावून अधिक जोर देता येतो. वीस नगांच्या स्वस्त संचापेक्षा पीएच १, २, ३ आणि दोन चपटे असे पाच चांगले पेचकस अधिक उपयोगी ठरतात.

गंजलेला स्क्रू कसा सोडवावा?

खाचेतली माती आधी टोकदार खिळ्याने काढावी. गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबावे. पेचकस सरळ उभा धरून पूर्ण भार द्यावा आणि मगच पिळावे. दाब पिळापेक्षा जास्त हवा. टोक एकदा निसटले की पुन्हा तसाच प्रयत्न न करता माप बदलून पाहावे. तरीही न सुटल्यास हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर कामी येतो. हातोडीचा ठोका बसताच तो टोक खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. कार्ब्युरेटर किंवा ब्रेकच्या टाकीवर मात्र तो वापरू नये, नरम धातूला तडा जाऊ शकतो.

प्लॅस्टिकची मूठ विजेपासून वाचवते का?

नाही. विजेच्या कामासाठी दांड्यावरही आवरण असलेला, १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेला पेचकस लागतो. तो हाती असला तरी मोटारपंपाचे झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि पुरवठा थांबल्याची टेस्टरने खात्री करावी. पावसाळ्यात ओल्या बांधावर उभे राहून हे काम टाळावे.