संख्या सापडली, पण कोणाला?

अमेरिकेत सेंट्रल मिसुरी विद्यापीठातल्या एका संगणकाने १७ सप्टेंबर २०१५ रोजी तेव्हाची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. २,२३,३८,६१८ अंकी. मुख्य सर्व्हरला त्याने तसं कळवलंही. पण तिथून निघायची ईमेल तांत्रिक बिघाडामुळे निघालीच नाही. ७ जानेवारी २०१६ला ती नोंद कोणाच्या तरी नजरेस पडली आणि शोधाची अधिकृत तारीख तीच ठरली. श्रेय प्राध्यापक कर्टिस कूपर यांना. संख्या शोधणाऱ्या यंत्राला अर्थातच काही नाही.

हा शोध ज्या ‘जिम्प्स’ प्रकल्पातून लागला, तो जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६मध्ये मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी सुरू केला. स्वयंसेवक फुकटचं सॉफ्टवेअर घेतात, सर्व्हर प्रत्येकाला तपासायला संख्या देतो आणि संगणक रिकामा असला की गणित चालतं. नयन हजरतवाला यांच्या घरच्या साध्या पेंटियमने अशा फावल्या वेळात १११ दिवस खपून १९९९मध्ये २०,९८,९६० अंकी संख्या गाठली. दहा लाख अंकांसाठी ठेवलेलं ५० हजार डॉलरचं बक्षीस त्यांना मिळालं.

पुढचं बक्षीस एक कोटी अंकांसाठी, १ लाख डॉलरचं. ते २३ ऑगस्ट २००८ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लागलं. सॉफ्टवेअर बसवलं एडसन स्मिथ यांनी, पण संगणक गणित विभागाचे. म्हणून निम्मी रक्कम विभागाला गेली. २५ हजार दानधर्माला आणि उरलेल्यातली बरीचशी इतर मूळ संख्या शोधणाऱ्यांना. त्यानंतर दोनच आठवड्यांनी जर्मनीतल्या हान्स-मिखाएल एल्व्हेनिख यांनाही एक कोटीच्या वरची संख्या सापडली. बक्षीस हुकलं. कोणाच्या वाट्याला कोणती संख्या येते, हा निव्वळ नशिबाचा भाग; ‘ही मूळ नाही’ एवढंच सिद्ध करणारे हजारो जण तेवढेच राबतात. त्यामुळे बक्षिसाची ही वाटणी मला तरी रास्त वाटते.

आता जबलपूरच्या गोरखपुरातल्या एखाद्या हौशी पोराने दुकानातल्या हिशेबाच्या संगणकावर हे सुरू केलं तर? आधी मालकाला विचारावं. जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयाच्या संगणकांवर असंच, पण संकेत फोडण्याच्या स्पर्धेचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कर्मचाऱ्यावर २००१मध्ये थेट फौजदारी गुन्हे दाखल झाले; २,१०० डॉलर भरून आणि वर्षभराच्या परिवीक्षेवर तो सुटला. दहा कोटी अंकांसाठीच्या पुढच्या बक्षिसाचे दीड लाख डॉलर अजून कोणी नेलेले नाहीत. मात्र जिम्प्समधून ती संख्या सापडली, तर शोधणाऱ्याच्या हाती त्यातले ५० हजारच पडतील. ही अट सॉफ्टवेअर उतरवतानाच मान्य करावी लागते.