डोळ्यामागची काळी रेघ

हळद्या आधी कानाला सापडतो. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाज्याजवळच्या हिमायतबागेत उन्हाळ्यात आंब्याच्या गर्द पानांतून एक गोल, घोटीव शीळ येते आणि माणूस मान वर करून शोधत राहतो. मैनेएवढा, झळझळीत पिवळा पक्षी, आणि दिसत नाही! पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड त्याच्या पिसांवर पडतो, त्यात पिवळा विरघळून जातो. काळे पंख फांद्यांच्या सावल्यांत मिसळतात. उडाला, की मात्र क्षणभर सारं झाड उजळतं.

मग पक्ष्यांचं पुस्तक उघडावं, तर तिथला हळद्या पांढऱ्या कागदावर, एका बाजूने, लख्ख उजेडात बसलेला. असा पक्षी कुणी कधी पाहिला? खरं तर कुणीच नाही. आणि मला वाटतं, तेच त्या चित्राचं मोठेपण आहे. फोटो एका पक्ष्याचा, एका क्षणाचा असतो. चित्रकार कितीतरी पक्षी पाहून त्यांच्यात समान काय आहे तेवढं ठेवतो आणि झाड, ऊन, सावली बाजूला काढतो.

हे काम किती अवघड! जुने चित्रकार बहुधा संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या कातड्यांवरून रंगवत. पिवळी पिसं कातड्यावर बराच काळ टिकतात, पण हळद्याच्या चोचीचा गुलाबी-लाल रंग मेल्यावर उतरतो आणि लाल डोळ्याच्या जागी नुसता कापूस उरतो. म्हणून पक्षी हातात असतानाच कुणी चिठ्ठीवर रंग लिहून ठेवले असतील, तर चित्रकार तरला. पुढे छपाई. शाई जराशी कमीजास्त झाली, की लिंबासारखा पिवळा केशरीकडे झुकतो. त्यामुळे पुस्तकातल्या पिवळ्या छटेवर फार विसंबू नये.

विसंबायचं ते काळ्या रंगावर. आपल्या नर हळद्याच्या चोचीपासून निघालेली काळी रेघ डोळ्यातून आरपार जाऊन थोडी मागेही जाते. युरोपातल्या सोनेरी हळद्यात ती डोळ्यापाशीच थांबते. हिवाळ्यात क्वचित भेटणाऱ्या पाहुण्या जातीत दोन्ही बाजूंच्या रेघा मानेमागे जुळून पट्टा होतो. आणि काळ्या डोक्याच्या हळद्याचं डोकं, गळा सगळंच काळं. बोटाच्या पेराहूनही कमी लांबीच्या रेघेत एवढा फरक भरलेला आहे!

या रेघेची कहाणी दख्खनचीच. कर्नल विल्यम सायक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि तीत आपल्या हळद्याला 'ओरिओलस कुंडू' हे स्वतंत्र नाव दिलं. पुढच्या पक्षीतज्ज्ञांनी मात्र त्याला युरोपातल्या हळद्याची उपजात ठरवलं आणि तेच मत दीर्घकाळ चाललं. हिमायतबागेसमोरच्या तलावाला ज्यांचं नाव आहे, त्या सालीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली आलं, तेही याच काळात. २००५ साली पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांच्या 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया'ने तो पुन्हा वेगळी जात म्हणून मांडला. आता विचार करा: ज्या चित्रकाराने आपला पक्षी नीट पाहून ती रेघ डोळ्यामागे नेली होती, त्याला या सगळ्या उलथापालथीत एक फटकाराही बदलावा लागला नाही. बदललं ते चित्राखालचं नाव.

चित्रं अपुरी पडतात ती मादी आणि पिल्लांपाशी. नराला मोठं स्थान मिळतं, हिरवट-पिवळी मादी शेजारी लहानशी. तिच्या पोटावरच्या तुटक रेघा त्या आकारात नीट दिसत नाहीत. काळ्या डोक्याच्या हळद्याचं कोवळं पिल्लू तर आणखी गोंधळवतं. त्याचं कपाळ पिवळसर, गळ्यावर काळ्या रेषा, चोच गडद. नुसत्या नराच्या चित्राशी ताडून पाहिलं, तर ते कुठल्याच हळद्यासारखं वाटत नाही. वडा-पिंपळाची फळं पिकली, की ही मंडळी एकाच फांदीवर जवळजवळ खाताना सापडतात. तेव्हा दुर्बीण नरावरून हलवून शेजारच्या फिक्या पक्ष्यावर न्यावी आणि त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत सावकाश उतरावं.