आर्द्रा, आंबा आणि फ्रिजमधील थंडी

ज्येष्ठ सरत आला की घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या आपल्या घरांतून एक प्रश्न दरवर्षी निघतो. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जाण्यास, म्हणजे साधारण २२ जूनला, चार दिवस उरलेले असतात. हापूस संपून केसर-लंगड्याच्या पेट्या घरात आलेल्या असतात. मग कोणीतरी म्हणते, ‘‘बा, पेटी फ्रिजमध्ये ठेवू या. एवढ्या थंडीत जीव कुठून राहणार?’’ आर्द्रेनंतर आंबा घ्यावा की नाही, याचा निर्णय गुरुमहाराजांकडे. थंडीने जीव राहत नाही, ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम एक गल्लत दूर करू. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी बारीक चिलटे वेगळी. आंब्यातील अळी ज्या फळमाशीची, ती वेगळी. ही माशी आकाराने घरमाशीएवढी असते. मादी आपली सुईसारखी नळी फळाच्या सालीत खुपसून आत अंडी घालते. उबदार हवेत ती दीड-दोन दिवसांत उबतात, पांढरट, पाय नसलेल्या अळ्या गर खात वाढतात आणि पूर्ण वाढल्यावर फळाबाहेर पडून मातीत शिरतात. मातीत कोष होतो आणि त्यातून पुन्हा माशी. पावसाच्या आगेमागे ही माशी वाढते, म्हणून उशिराच्या आंब्याला तिचा उपद्रव अधिक.

आता थंडीकडे वळू. तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास आले की अळीची वाढ अतिशय मंदावते. याचा अर्थ ती मेली असा नव्हे. थंडीने तिच्या शरीरातील क्षारांचा तोल हळूहळू ढळतो, स्नायू काम करेनासे होतात, ती निपचित पडते. थोड्या वेळाने ऊब मिळाली, तर तोल पुन्हा सावरतो आणि ती हालू लागते. फार काळ थंडी लागली तरच इजा भरून न येण्याजोगी होते. शरीरातील पाण्याचा बर्फ होण्याच्या पुष्कळ आधीच ती अशी मरते.

‘फार काळ’ म्हणजे किती? भूमध्यसागरी फळमाशी आपल्याकडे नाही, पण तिच्यासाठी अमेरिकेने ठरवलेले कोष्टक बोलके आहे. फळाच्या गाभ्याचे तापमान १.१ अंशावर सलग १४ दिवस; २.२ अंश असेल तर १८ दिवस. एका अंशाच्या फरकाला चार दिवसांची किंमत! घरचा फ्रिज असतो चार-पाच अंशांवर, शिवाय दिवसातून वीस वेळा उघडणारा. दोन-तीन दिवसांत तिथे आतील जीवाची वाढ थांबते, एवढेच. ज्यांच्यावर प्रयोगशाळांत सर्वाधिक अभ्यास झाला त्या चिलटांत तर आणखी विलक्षण गोष्ट दिसली. उणे पाच अंशांत थेट टाकलेली चिलटे मरतात. पण आधी दोन तास पाच अंशांवर ठेवली, तर त्यांतील पुष्कळ तगतात. सौम्य थंडी त्यांना पुढच्या कडाक्यासाठी जणू तयारच करते.

मग व्यापारी आंब्याला दोन आठवडे एक अंशावर का ठेवत नाहीत? कारण आंबा स्वतःच ते सोसत नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली त्याच्या सालीवर काळे डाग पडतात, तो नीट पिकत नाही, स्वाद जातो. म्हणून आपल्या आंब्याला निर्यातीत थंडीऐवजी दुसरेच उपाय करावे लागतात. जपानसाठी ४७.५ अंशांची बाष्प-उष्णता २० मिनिटे, युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर, अमेरिकेसाठी वाशी वा लासलगावच्या केंद्रांत ४०० ग्रेची किरणमात्रा. २०१४ च्या मे महिन्यात याच अळीपायी युरोपने भारतीय आंबा बंद केला होता. तो पुढल्या वर्षी पुन्हा सुरू झाला. फळबाजारातील आपल्या मंडळींना त्या हंगामाची आठवण वेगळी द्यायला नको.

हे सारे उपाय अळीला निकामी करण्याचे आहेत, हे येथे दडवून चालणार नाही. फ्रिजचा हिशेबही तसाच: थोडे दिवस ठेवला तर आत जीव जिवंत, पुष्कळ दिवस ठेवला तर मृत. ज्याला जयणा पाळायची आहे, त्याला दोन्हींपैकी काहीच नको असते.

माझ्या मते खरा उपाय बागेत आहे. फळ अंड्याएवढे झाले की त्याला कागदी पिशवी घालतात. माशीला सालीपर्यंत पोहोचताच येत नाही, मग मारण्याचा प्रश्नही येत नाही. कोकणात ही पद्धत आता बरीच रुळली आहे. असे फळ थोडे महाग पडते. पण आपण घाऊक घेणारे लोक आहोत, पेटी ठरवतानाच ‘पिशवीतला माल आहे का’ एवढे विचारले तरी बागाईतदाराला त्याचा भाव कळतो.

आणि घरी आलेल्या आंब्याचे? फ्रिजमध्ये जाण्याआधी प्रत्येक फळ उजेडात फिरवून पाहावे. टाचणीच्या टोकाएवढा काळसर ठिपका आणि त्याभोवती पाणचट मऊपणा दिसला, तर ते बाजूला काढावे. रसासाठी सरसकट पिळू नये. आधी चिरून कोयीपर्यंतचा गर पाहावा. अळी निघालीच, तर फळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकण्याऐवजी सोसायटीतल्या झाडाच्या बुंध्याशी मातीवर ठेवावे. बागाईतदाराला हा शेवटचा सल्ला मुळीच पटणार नाही, आणि त्याच्या जागी त्याचेही बरोबर आहे.