राष्ट्राध्यक्षांची डायरी कोण लिहितं?

‘रात्री ११.४५ ते ११.५०. राष्ट्राध्यक्षांनी चंद्रावर असलेल्या नील आर्मस्ट्राँग आणि एडविन आल्ड्रिन या अंतराळवीरांशी आंतरग्रहीय संभाषण केलं.’

ही ओळ कुठल्या विज्ञानकथेतली नाही बरं का. वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमधल्या एका छापील सरकारी तक्त्यावर ती टाइप केलेली आहे. तारीख २० जुलै १९६९. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैच्या सकाळचे सव्वानऊ वाजले होते.

‘आंतरग्रहीय’ वाचून तुमच्यातल्या काहींचं बोट लगेच वर गेलं असेल. चंद्र ग्रह कुठाय, तो तर पृथ्वीचा उपग्रह! अगदी बरोबर. पंचांग बघणाऱ्या आजोबांना विचारलंत तर ते म्हणतील, नवग्रहांत चंद्र आहेच की. पण अमेरिकेतल्या त्या टायपिस्टने आपलं पंचांग पाहिलं असेल असं काही वाटत नाही. मला वाटतं, त्याची अडचण वेगळीच असणार. त्या तक्त्यात फोनसाठी रकाने असत. फोन राष्ट्राध्यक्षांनी केला असेल तर ‘पी’, त्यांना आला असेल तर ‘आर’. पुढे तो लोकल होता की लाँग डिस्टन्स. आता चंद्राला कुठल्या रकान्यात बसवायचं? ३ लाख ८४ हजार किलोमीटर हे जरा जास्तच लाँग डिस्टन्स झालं!

या पाच मिनिटांतली खरी गंमत मात्र त्या ओळीत नाहीच. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर पळते. म्हणजे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा शब्द चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ, आणि तिकडचं उत्तर यायला पुन्हा तेवढाच. बोलून झालं की दोन-अडीच सेकंद नुसतं गप्प बसायचं. त्या तेवढ्या वेळात निक्सन यांच्या मनात काय आलं असेल? पलीकडून आवाजच आला नाही तर, अशी धाकधूक वाटली असेल? तक्ता त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्याचं काम एवढंच सांगणं, की केव्हा सुरू झालं आणि केव्हा संपलं.

या तक्त्याचं नाव ‘राष्ट्राध्यक्षांची दैनंदिनी’. डायरी म्हटलं की आपल्याला वाटतं, रात्री दिव्याखाली बसून कुणीतरी मनातलं लिहितंय. इथे तसलं काही नाही. ही डायरी निक्सन यांनी लिहिलीच नाही. ती बाकीच्यांनी लिहिली. राष्ट्राध्यक्ष या खोलीतून त्या खोलीत गेले की सुरक्षारक्षक वेळ टिपून ठेवायचे. स्विचबोर्डवरच्या टेलिफोन ऑपरेटर कुणाशी किती वाजता फोन जोडून दिला ते लिहायच्या. घराची व्यवस्था पाहणारे लोक जेवणाखाण्याच्या आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा ठेवायचे. सचिवांकडे भेटायला येणाऱ्यांची यादी असायची. विमानात कोण कोण बसलं त्याचीही यादी. या सगळ्या चिठ्ठ्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या माणसांकडे जायच्या. अभिलेखागार म्हणजे सरकारचे जुने कागद जपून ठेवणारी संस्था. ती माणसं चिठ्ठीला चिठ्ठी जुळवून मिनिटामिनिटांचा दिवस तयार करायची.

सलग वाचायला बसलात तर तिसऱ्या पानावर डुलकी येईल, इतकं ते रूक्ष आहे. आला, गेला, फोन केला, फोन आला. पण मधूनच एखादं पान असं येतं की झोप उडते.

९ मे १९७० ची पहाट घ्या. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची लढाई चालू होती आणि निक्सन यांनी शेजारच्या कंबोडियातही सैन्य घुसवलं होतं. कॉलेजांतली मुलं चिडून रस्त्यावर आली. ४ मेला ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी गेले. ९ तारखेला वॉशिंग्टनमध्ये मोठा मोर्चा निघायचा होता. आदल्या रात्री निक्सन यांना झोप लागेना. डायरीचं पान नुसतं फोनांनी भरलंय. रात्रीतून पन्नासाच्या आसपास फोन! आणि मग पहाटे साडेचारच्या सुमाराला ते मोटारीतून लिंकन मेमोरियलकडे गेल्याची नोंद.

एवढंच. का गेले, तिथे काय झालं, काही नाही. ते हवं असेल तर माणसांनाच विचारायला हवं, आणि इथून खरी मजा सुरू होते.

निक्सन यांनी चार दिवसांनी आपल्या आठवणी यंत्रापुढे बोलून ठेवल्या. त्यांनी सांगितलं, की पियानोचं रेकॉर्ड ऐकत बसलो होतो, मॅनोलो सांचेझ हा खास सेवक चहा-कोको हवा का विचारायला आला, तेव्हा त्यालाच विचारलं, लिंकन मेमोरियल रात्री पाहिलंयस का कधी? चल तर मग. तिथे पायऱ्यांवर झोपाळलेली, दूरदूरहून आलेली मुलं बसली होती. ‘मी त्यांच्याशी युद्धाबद्दल, शांततेबद्दल, जग पाहण्याबद्दल बोललो,’ असा निक्सन यांच्या सांगण्याचा सूर. मुलांनी मात्र वर्तमानपत्रवाल्यांना वेगळंच सांगितलं. आम्ही एवढे युद्धाविरुद्ध बोलायला आलो आणि हे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाबद्दल विचारत होते!

तिसरा साक्षीदार एगिल क्रोग. हा निक्सन यांचा तरुण अधिकारी त्या रात्री कामावर होता. सुरक्षारक्षकांच्या सांकेतिक भाषेत निक्सन यांचं नाव ‘सर्चलाइट’. सर्चलाइट हिरवळीवर आला आहे, असं ध्वनिक्षेपकावर ऐकून क्रोग ताडकन उठला आणि मागोमाग धावला. कित्येक वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, त्याने ही हकीकत कॅमेऱ्यासमोर सांगितली.

अशा सांगण्याला म्हणतात मौखिक इतिहास. मुलाखत घेणारा आधी सगळे कागद वाचून येतो. मग तासन्‌तास प्रश्न विचारतो. तुम्ही कुठे उभे होता, दार उघडं होतं का, नंतर काय खाल्लंत? (नंतर सगळ्यांनी एका हॉटेलात नाश्ता केला, तेही मला या भानगडीत कळलं.) निक्सन यांचा जन्म कॅलिफोर्नियात योर्बा लिंडा गावी झाला. तिथल्या त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात अशा शंभराहून जास्त लोकांच्या मुलाखती जमवल्या आहेत.

मग त्या पायऱ्यांवर खोटं कोण बोललं? राष्ट्राध्यक्ष की मुलं? कदाचित कुणीच नाही. घरी एखाद्या जुन्या लग्नाचा विषय काढून बघा. आत्या म्हणेल पंगतीत जिलेबी होती, काका छातीवर हात ठेवून सांगेल की श्रीखंड होतं, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील. आपली आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती थोडी नव्याने जुळवतो, आणि तुटका भाग ‘असंच असणार’ म्हणून स्वतःच भरून टाकतो.

हे उलरिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने फार छान दाखवलं. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांतच हवेत फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर आणि त्याची सहकारी निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होता? अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही उत्तर आधीच्याशी जुळेना! आणि वर कित्येकांना छातीठोक खात्री. स्वतःच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी त्यांना नवीन आठवणच खरी वाटत होती.

याच नायसरने निक्सन यांच्या गोष्टीतही डोकावून पाहिलं. पण त्याआधी टेपांची गोष्ट सांगायला हवी.

फेब्रुवारी १९७१ मध्ये निक्सन यांनी आपल्या कार्यालयात गुपचूप ध्वनिमुद्रण यंत्रं बसवून घेतली. पाच मायक्रोफोन टेबलात, दोन शेकोटीजवळच्या दिव्यांत. बटण दाबायची गरजच नाही. राष्ट्राध्यक्ष खोलीत आहेत हे यंत्रणेला कळायचं, आणि आवाज झाला की रिळं फिरू लागायची. आवाज म्हणजे कसलाही आवाज! टेबलावर आपटलेला कपसुद्धा त्यात धाडकन ऐकू येतो. अशा सुमारे ३,७०० तासांच्या टेपा जमल्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी त्यांना भेटायला गेल्या होत्या. डायरीत भेटीच्या वेळेची सभ्य नोंद आहे. दुसऱ्या दिवशी निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर इंदिरा गांधींच्या मागे त्यांच्याबद्दल काय वाईटसाईट बोलले, ते टेपेत आहे. २००५ मध्ये ते जगजाहीर झालं आणि किसिंजरना खेद व्यक्त करावा लागला.

जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कार्यालयात, पाच चोर पकडले गेले. पैसे चोरायला नव्हे, चोरून ऐकण्याची यंत्रं लावायला आलेले. त्यांचे धागे निक्सन यांच्या माणसांपर्यंत पोचत होते. राष्ट्राध्यक्षांनी ते प्रकरण दडपलं का? वर्षभराने त्यांचेच माजी कायदेसल्लागार जॉन डीन संसदेच्या समितीपुढे आले आणि २४५ पानांचं निवेदन वाचलं. कुठल्या बैठकीत कोण काय बोललं, सगळं बारीकसारीक. लोक थक्क झाले. वर्तमानपत्रं त्यांना ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणू लागली.

डीनना एका गोष्टीची शंका होती. एकदा बोलता बोलता निक्सन खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि हळू आवाजात कुजबुजले. असं का केलं असेल? कुठे टेप तर चालू नाही? म्हणून समितीने अलेक्झांडर बटरफील्ड या अधिकाऱ्याला सरळच विचारलं, आणि १६ जुलै १९७३ ला त्यांनी साऱ्या देशासमोर सांगून टाकलं, हो, यंत्रं आहेत. (ज्या दिवशी कुजबुज झाली, त्या दिवशी टेप आधीच संपून गेली होती म्हणे!)

पुढे टेपा बाहेर आल्या, तेव्हा नायसरने डीनची साक्ष आणि १५ सप्टेंबर १९७२ च्या बैठकीची टेप शेजारी ठेवली. शब्द जवळजवळ एकही जुळेना. राष्ट्राध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, असं डीन म्हणाले होते. टेपेत तसं कुणी म्हणतच नाही. छान काम केलंस, असं ते म्हणाले म्हणे. तेही नाही. आणि तरीही डीन ज्या मोठ्या गोष्टीवर ठाम होते, की दडपादडपीची निक्सन यांना माहिती होती, ती खरी निघाली. म्हणजे मेंदूने वाक्यं हरवली, सार मात्र जपलं. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात नवलाचा भाग वाटतो.

बरं, मग टेप तरी भरवशाची? २० जून १९७२ ची एक टेप आहे. चोर पकडल्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. तिच्यात साडेअठरा मिनिटं नुसता घूंऽऽऽ असा आवाज. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स म्हणाल्या, फोन घेताना चुकून माझा पाय पेडलवर राहिला असेल. त्यांनी फोटोग्राफरसमोर तसं करूनही दाखवलं. एक हात मागे फोनकडे ताणलेला, एक पाय पुढे पेडलवर. योगासनच म्हणा ना! तेही फक्त पाचेक मिनिटांसाठी. बाकीच्या मिनिटांचं काय, ते त्यांनाही सांगता येईना.

न्यायालयाने सहा तज्ज्ञ बसवले. टेप म्हणजे चुंबकीय कणांचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. ती पुसणारं यंत्र दर वेळी थांबताना पट्टीवर बारीकशी चुंबकीय खूण सोडतं. ती एरवी दिसत नाही. पण चुंबकीय चुरा मिसळलेला द्रव पट्टीवर लावला, की चुरा खुणांवर जाऊन बसतो आणि त्या डोळ्यांना दिसतात. तज्ज्ञांना निदान पाच ठिकाणी यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद केल्याच्या खुणा सापडल्या. अपघात पाच वेळा होत नाही. पुसलेला आवाज काही मिळाला नाही. अभिलेखागाराने पुढे नव्या यंत्रांनी प्रयत्न केले आणि २००३ मध्ये तेही थांबवले. निक्सन यांना ऑगस्ट १९७४ मध्येच पद सोडावं लागलं होतं.

साडेअठरा मिनिटं कुणी पुसली, ते कुणीच कबूल केलं नाही. पण त्या दिवसाची डायरी उघडा. सकाळी साडेअकराच्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे मुख्य सहायक हाल्डेमन यांची बैठक सुरू, पाऊणच्या सुमाराला संपली. तीच ती रूक्ष ओळ. ती पुसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.