दिल्लीचे शिक्षणखाते आणि गावची शाळा

प्राथमिक शाळेतील गुरुजींची नेमणूक, त्यांची बदली, वर्गखोलीच्या छपराची दुरुस्ती, यांपैकी एकाही गोष्टीचा हुकूम सहसा केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या दप्तरातून निघत नाही. आणि तरीही राष्ट्राच्या शिक्षणाविषयी जाब विचारला जातो तेव्हा संसदेत उत्तर देण्यास त्यांनाच उभे राहावे लागते. अखत्यार परिमित आणि उत्तरदायित्व विशाल, असे हे पद असल्यामुळे त्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने शिक्षण हा विषय राज्यसूचीत घातला आणि केंद्राकडे मुख्यत्वे राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था, काही विद्यापीठे व उच्च शिक्षणाच्या दर्जाचे सुसूत्रीकरण एवढेच ठेवले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत आला आणि शालेय शिक्षणाविषयीही कायदा करण्याची वाट केंद्राला मोकळी झाली. परंतु शाळा चालविण्याचा प्रत्यक्ष भार राज्य सरकारांवर आणि आपल्याकडे जिल्हा परिषदा व नगरपालिकांवरच राहिला.

मग अशा मंत्र्याने करावयाचे काय? पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९४७ पासून १९५८ साली मृत्यू येईपर्यंत जे केले, त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्यांचे स्वतःचे शिक्षण घरीच, पारंपरिक पद्धतीने झाले, त्या या विद्वानाच्या कारकिर्दीत राधाकृष्णन् व मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमले गेले, १९५१ साली खरगपूरची तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले आणि १९५६ साली त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले. आयोग, संस्था, अनुदान आणि राज्यांशी विचारविनिमय, हीच या पदाची साधने होत.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला या पदावर असताना, १९६४ साली, कोठारी आयोग नियुक्त झाला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. दहा, दोन व तीन वर्षांचा जो आकृतिबंध आपल्या घराघरांत परिचित झाला, त्याचे मूळ १९६६ च्या या अहवालात आहे. आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, हे उद्दिष्टही त्यातलेच. आकृतिबंध कालांतराने देशभर रुजला. सहा टक्क्यांचे उद्दिष्ट मात्र अद्याप गाठलेले नाही. शिफारशीला वित्तखात्याची तरतूद आणि राज्यांची मनःपूर्वक संमती मिळविणे हेच शिक्षणमंत्र्याचे सर्वांत कठीण कर्म आहे, हे या विषमतेवरून ध्यानी यावे.

या कर्मात उणीव राहिली म्हणजे किती पिढ्यांस मोल द्यावे लागते, याची साक्ष आपला इतिहास देतो. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले विधेयक परकीय सत्तेने फेटाळले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प स्वतंत्र भारताच्या घटनेने केला. पण शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि त्या हक्काची अंमलबजावणी सुरू होण्यास २०१० चा एप्रिल उजाडावा लागला.

यास्तव शिक्षणमंत्र्याची परीक्षा त्याच्या घोषणांवरून करू नये. खजिन्यातून त्याने शिक्षणासाठी किती मिळविले, भिन्न पक्षांच्या मुख्यमंत्र्यांना एका ध्येयाभोवती किती एकत्र आणले आणि विद्यापीठांना पैसा देऊनही त्यांचे स्वातंत्र्य किती जपले, हे त्यास विचारावे. जे पद हुकमाने फारसे काही करू शकत नाही, तेथे विद्वत्ता, चिकाटी आणि सौजन्य हेच खरे अधिकार ठरतात, आणि हे गुण असलेल्या व्यक्तीचीच त्या पदावर नेमणूक व्हावी, असा आग्रह धरणे हे पालकांचे आणि मतदारांचे कर्तव्य आहे.